जोत सोडून फौजेत गेलेली पोरं: कोकणातल्या घरांच्या आठवणी (अनुभव धागा)

खळ्यावरचा

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच. कोकणात खेड, दापोली, महाड, पोलादपूर, चिपळूण, पार खाली सावंतवाडीपर्यंत कुठंही जा, असं एखादं घर सापडतंच जिथं पडवीत वर्दीतल्या पोराचा फोटो आहे, हार वाळलेला, आणि फोटोतल्या पोराला ओळखणारं घरात आता कुणीच उरलेलं नाही. लढाईत काय झालं, पदक कुठलं, ते लिहिणारे लिहितात. मला इथं दुसरं हवंय. तो घरी कसा होता, जोत कुणाबरोबर धरायचा, गेल्यावर त्याच्या वाटची कामं कुणाच्या अंगावर पडली, घरच्यांनी त्याला कसं लक्षात ठेवलं (किंवा मुद्दाम नाही ठेवलं, तसंही असतं). कुठलंही युद्ध चालेल. खासगी माणसांची नावं आणि वाडी लिहू नका एवढंच.

सुरुवात मी करतो. आजोबांचा धाकटा भाऊ. आम्ही 'धाकटे आजोबा' म्हणतो, पण फोटोत ते माझ्या मुलापेक्षा लहान दिसतात. बॉम्बे सॅपर्सचे, खडकीला ट्रेनिंग, आणि १९६२ ला नेफात (आताचा अरुणाचल). चीनने २० ऑक्टोबरला हल्ला केला तेव्हा आमच्याकडे भातकापणी चालू होती आणि आठवड्यावर दिवाळी. त्यांचं शेवटचं पत्र त्याच सुमाराला पोचलं. पत्रात युद्धाचं एक अक्षर नाही, सगळं पत्र एका पाड्यावर (तरण्या बैलावर)! आधीच्या रजेत त्यांनी एक तांबूस पाडा जोताला शिकवायला घेतला होता, तर लिहिलंय की मी येईपर्यंत त्याला नांगराला लावू नका, खांदा कच्चा आहे, मोठ्या बैलाबरोबर ओढगस्त होईल.

मग झोडणी आटपल्यावर तार आली. 'मिसिंग'. पोस्टमनने अंगणात उभं राहून वाचली, अर्थ कुणालाच नीट कळला नाही. मिसिंग म्हणजे हरवला, हरवला म्हणजे सापडेल, असा सरळ हिशोब. ६३ साली चीनने कैदी परत केले तेव्हा आजोबा रोज संध्याकाळी वाण्याच्या दुकानात रेडिओ ऐकायला जायचे. आणि त्या पावसाळ्यात पाडा खरंच जोताला लावला नाही. शेजारचे हसले, खाऊन माजलाय म्हणाले, आजोबांनी एका बैलासाठी दुसऱ्याकडे वारंगुळा (कामाच्या बदल्यात बैल) केला, स्वतःच्या गोठ्यात बैल असून. त्याच्या पुढच्या वर्षी लावला. का लावला ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

नंतर कधीतरी त्यांची काळी ट्रंक आली. दोन शर्ट, दाढीचा ब्रश, मनीऑर्डरच्या पावत्या सुतळीने बांधलेल्या, आणि खडकीच्या स्टुडिओतला तो फोटो. ट्रंक अजून वापरात आहे, सातबारे आणि फाळ्याच्या पावत्या त्यातच असतात.

लिहा तुम्ही पण.

काळनदीकाठचा

आम्ही माणगावकडचे. इकडे सैनिक म्हटलं की पहिलं नाव नाईक यशवंत घाडगे यांचं. तहसील कार्यालयासमोर पुतळा आहे, त्यामुळे दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलाय, थांबून वाचणारे कमी. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. सेक्शनमधले बाकीचे सगळे पडले, कुणी मेले कुणी जखमी. हे एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन संपलं. बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानेच मारलं. तेवढ्यात छातीत आणि पाठीत गोळ्या. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. कबर नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये इटलीत मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यतबकडीचं स्मारक केलंय.

आता घरचं. माझे पणजोबा त्याच लढाईत इटलीत होते, ते परत आले. शेजारच्या गावातला त्यांचा दोस्त नाही आला. दोघं एकदम भरती झालेले, दोघांचीही घरची वरकस जमीन, नाचणी-वरी पिकवणारी. पणजोबा सुटून आल्यावर स्वतःच्या घरी जेवले आणि तसेच डोंगर उतरून त्याच्या आईकडे गेले. काय सांगणार? मरण सांगायचं धाडस झालं नाही (तार आलेली होतीच म्हणा). म्हणून त्यांनी म्हातारीला तिकडचे बैल सांगितले. टायबरच्या खोऱ्यात नांगराला पांढरे बैल असतात, खांद्याला माणसाएवढे उंच, आणि द्राक्षाचे वेल झाडांवर चढवतात, आणि तुझा लेक त्या बैलांजवळ जाऊन उभा राहायचा, शेतकरी ओरडला तरी हलायचा नाही. म्हातारीने मग गावभर तेच सांगितलं. तिच्या तोंडून लढाई कुणी ऐकली नाही, बैल सगळ्यांनी ऐकले. पुढे बरीच वर्षं पणजोबा तिच्या लावणीला दोन दिवस जायचे, मजुरी न घेता. पणजोबा सांगायचे की जुलैतली ती लढाई चालू असताना त्यांना सारखं वाटायचं, घरी आत्ता आवण (भाताची रोपं) काढत असतील.

तळकोकणी

मामाबद्दल लिहिते. आईचा सगळ्यात मोठा भाऊ. आमचं आजोळ खाडीकाठचं, थोडी भातशेती, थोडी माडं, आणि खाऱ्या पाण्याचा बांध फुटला की सगळं गेलं. मामा नेव्हीत गेला ते आजोबांना आवडलेलं कारण पगार चांगला आणि मुंबई जवळ. गणपतीला यायचा आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बांध दुरुस्त करायचा, हे त्याचं ठरलेलं काम. चिखलाचे गोळे करून रचायची त्याची एक पद्धत होती म्हणे, तशी नंतर कुणाला जमली नाही.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीचा टॉर्पेडो. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत, ते सगळ्यांना माहीत आहे. मामा त्या १७६ मधला.

आजीने मानलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं, बघितलेला नाही. खाडीत बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी वर येतो हे तिने आयुष्यभर पाहिलेलं, तेव्हा हा का नाही आला? "दर्यान नेल्यान, दर्योच हाडतलो," (दर्याने नेला, दर्याच आणेल) एवढंच. मामीला तिने मंगळसूत्र काढू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मामीला त्याचा त्रासच झाला. नेव्हीच्या कागदांवर विधवा आणि घरात सवाष्ण. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही हे शेजारणींना कळेना, मग त्या बोलवायच्याच बंद झाल्या. मामी दोन वर्षांनी माहेरी गेली. याबद्दल आमच्या घरात फार बोलत नाहीत पण मला वाटतं आजीचं दुःख सगळ्यांनी सांभाळलं आणि मामीचं कुणीच नाही.

म्हाळाला दरवर्षी वाद. आजोबा म्हणायचे पान वाढूया, आजी म्हणायची, "जित्या माणसाच्या नावान पान वाढूचा नाय." आजी गेली त्या वर्षी पितृपक्षात पहिल्यांदा मामाचं पान वाढलं, तिच्या पानाशेजारी.

मी दीवला जाऊन आले. चक्रतीर्थाच्या किनाऱ्यावर स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलीय. पर्यटक सेल्फी काढत होते, मला राग नाही आला, उलट बरं वाटलं की गर्दी आहे. बांध मात्र आता सिमेंटचा झालाय.

आंबोळी

तळकोकणी, आमच्याकडेही असंच एक, युद्ध वेगळं. घरी बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबले, मग भटजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया केली. बारा वर्षांत दोनदा गावात कुणीतरी 'मी त्याला अमुक स्टेशनवर पाहिला' असं सांगितलं होतं. अशा लोकांना काय म्हणावं कळत नाही. जास्त लिहवत नाही.

कापातला पेन्शनर

मी स्वतः फौजेतून रिटायर, दापोलीचा. (दापोलीला जुनी माणसं अजून 'काप' म्हणतात, इंग्रजांचा कॅम्प होता, पेन्शनर शिपाई इथं राहायचे. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर काही काळ इथं होते.)

एक गोष्ट तरुण मंडळींना माहीत नसते. ६२, ६५, ७१ ला गेलेल्यांचे देह सहसा घरी आलेच नाहीत. तिकडेच, लढाईच्या मागच्या बाजूला अग्नी. घरी तार, मग सामान. कारगिलला १९९९ मध्ये पहिल्यांदा गावोगावी पेट्या आल्या. त्यामुळे माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना एस्कॉर्टची, म्हणजे पेटीबरोबर घरापर्यंत जायची, ड्युटी करावी लागली. मी पण केली. फायरिंगपेक्षा अवघड, लिहून ठेवा.

आमच्या युनिटमधला पोरगा, कोकणातलाच म्हणून मला पाठवलं. मुंबईपर्यंत विमान, पुढं हायवेने ट्रक, पाऊस असा की समोरचं दिसेना, तरी महाडपासून पुढं जागोजाग माणसं छत्र्या घेऊन उभी. त्याच्या वाडीला रस्ता नव्हता. पऱ्ह्यावर लाकडी साकव, त्यावरून एका वेळी दोन माणसं जेमतेम. तिथं पेटी उतरवली आणि वाडीतल्या गड्यांनी मला सांगितलं, साहेब तुम्ही बाजूला व्हा, तुमच्या बुटांनी घसराल. अनवाणी पायांनी नेली त्यांनी. लाकडं सगळी ओली. एकाने गुरांच्या गोठ्याचा माळा उपसून सुकी लाकडं दिली, दुसऱ्याने घरावर चढवायचे नवे पत्रे आणून चितेवर आडोसा धरला. मोठ्या माणसांनी तिथंच पक्का पूल जाहीर केला. पूल झाला, पण पुढं बऱ्याच वर्षांनी, आणि तोवर वाडीतली अर्धी घरं मुंबईला.

त्याच्या किटमध्ये एक कापडी पुरचुंडी होती, भाताचं बियाणं. काश्मीरच्या खोऱ्यात भात होतो, उतारावर आपल्यासारखेच कुणगे (भाताचे छोटे तुकडे) असतात, ते बघून तो येडा झाला होता, एका शेतकऱ्याकडून मूठभर मागून घेतलं होतं. मी ते बापाच्या हातात दिलं. बापाने पहिला प्रश्न विचारला, हळवं का गरवं (लवकर पिकणारं का उशिरा)? मला सांगता येईना. दुसऱ्या वर्षी त्यांचं पत्र आलं. एका कोपऱ्यात दाढ टाकून (रोपं करून) लावलं होतं, पण थंडीतलं बियाणं ते, आपल्या उकाड्यात गुडघ्याएवढं झालं आणि लोंबी टाकून मोकळं झालं. पत्रात शेवटी लिहिलं होतं, पोपटांनी खाल्लं.

आणि एक. पोरं देशासाठी जातात हे खरंच आहे, पण पोटासाठीही जातात, त्यात लाजण्यासारखं काय? कातळाची जमीन, एकच पीक, चार भाऊ, वाटणीला येतात दोन कुणगे. एक गिरणीत गेला, एक फौजेत गेला, तिसऱ्याने जोत धरलं, अशीच कोकणातली घरं चालली. मनीऑर्डर थांबली की घरच्यांना कळायचं तिकडं काहीतरी झालंय, तारेच्या आधी. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यात जाऊन बघा, पहिल्या महायुद्धापासून तिथं घरटी माणूस सैन्यात, गावाच्या नावातच फौजी आहे.

पडवीतली

हे मी पहिल्यांदाच कुठं लिहितेय.

माझ्या आईचं पहिलं लग्न माझ्या मोठ्या काकांशी झालं होतं. काका जंगी पलटणीत, म्हणजे पहिली मराठा. डिसेंबर ७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत गेले, आता बांगलादेशात आहे ते. लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं आणि त्यातले ते घरी होते फक्त शिमग्याची रजा. आई सतरा की अठरा वर्षांची. वर्षश्राद्ध झाल्यावर दोन्हीकडच्या मोठ्यांनी बसून ठरवलं आणि धाकट्या दिराशी पाट लावला. ते माझे वडील.

लोक याच्याकडे दोन पद्धतीने बघतात, एक 'वा काय मोठं मन' आणि दुसरं 'पेन्शन घरात राहावी म्हणून'. दोन्ही थोडं थोडं खरं असणार. आईला विचारलं कुणी नव्हतं हेही खरं. (सरकारी नियम पण बघा कसे होते, शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या बायकोने दुसरं लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद, पण नवऱ्याच्याच भावाशी केलं तर चालू. ही अट २०१७ मध्ये काढली. काकांना पदक नव्हतं, पण घरातल्या मोठ्यांचं डोकं त्याच वळणाचं.)

वडील चांगले होते. पण विचार करा, त्या माणसाने आयुष्यभर भावाच्या फोटोखाली जेवण केलं. काकांचं नाव निघालं की ते उठून गोठ्यात जायचे. शाळेत मला कुणीतरी विचारलं तुझे वडील शहीद ना, मी हो म्हटलं, कारण मग वही फुकट मिळाली, आणि घरी येऊन सांगितलं तर वडील काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी बाजारातून मला डझनभर वह्या आणून दिल्या.

आई आता थकलीय. मध्ये एकदा तिला सरळ विचारलं, काका आठवतात का. म्हणाली आवाज आठवत नाही, चेहरा फोटोमुळे आठवतो पण तो फोटोतलाच, आठवतं ते एकच, शिमग्यात पालखी नाचवून आले तेव्हा खांद्याला साल गेलं होतं आणि मी खोबरेल लावलं. तेवढंच तिच्या वाट्याला. मग म्हणाली, ह्यांना नको सांगू. वडील जाऊन तेव्हा वर्षं झाली होती.

कुळाचा वारस

शेतकरी कुटुंबातला सैनिक असा विषय आहे तर एक बाजू मांडतो. आमचा पणजोबा शेतकरी होता पण जमीन त्याची नव्हती. मंडणगडकडचे आम्ही, महार समाज. खोताची जमीन कसायची, पिकाचा वाटा खोताला, वर वेठ. फौज आमच्या लोकांसाठी कोकणात जुना रस्ता होता, तो इंग्रजांनी १८९२ च्या सुमाराला बंद केला, पहिल्या महायुद्धात थोडा उघडून परत बंद, आणि मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पणजोबाचा मोठा मुलगा त्यानंतर लगेच भरती झाला. दुसरं महायुद्ध निभावून बचावला आणि १९४८ ला काश्मीरच्या लढाईत गेला. मशीनगनवर होता.

त्याची पत्रं दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेली असायची, अक्षर दर वेळी वेगळं. पण प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, जमिनीचं काय झालं. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं बिल १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात मांडलं होतं, ३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला होता, त्यामुळे घराघरात तीच चर्चा. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ ला. म्हणजे तो गेल्यानंतर. आणि कायदा झाला म्हणून सातबारावर नाव लगेच चढलं असं कुणी समजू नका, त्यासाठी पणजोबाने किती वर्षं खेटे घातले ते वेगळंच. मामलेदाराकडे जाताना तो मुलाचं मेडल खिशात घेऊन जायचा, दाखवायचा नाही, नुसतं खिशात.

आज ती जमीन आमची आहे. अर्ध्यात काजू आहे. त्याचा फोटो नाही, कधी काढलाच नव्हता.

जुनी कागदं

कोकणातल्या काही शाळांच्या नाहीतर चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, इंग्रजीत, १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडा, नावं नाहीत. आमच्या गावात आहे. आकड्यातली माणसं कोण हे शोधायचा मला नाद लागला.

आमच्याकडचे बहुतेक मेसोपोटेमियात गेले, म्हणजे इराक. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या आणि तिन्ही कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपल्यावर घोडे कापले, आपल्या लोकांनी धर्मामुळे खूप दिवस ते मांस खाल्लं नाही, भाजीपाला नाही, स्कर्व्हीने माणसं गेली. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात आणखी गेली. भात-कुळीथ खाणारी पोरं ती.

बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांच्या वर माणसांची नोंद आहे, पण हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची तेवढी नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणीप्रमाणे आकडे. म्हणजे गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडा. वर ते स्मारकच सद्दामने १९९७ मध्ये उचलून शहराबाहेर वाळवंटात नेलं.

नावं मात्र रजिस्टरमध्ये आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, त्यात बऱ्याच जणांच्या पुढं बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. मला त्यात आमच्या आडनावाचा एक सापडला. गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं तर कुणालाच माहीत नाही, पण एकाने सांगितलं की खालच्या वाटेवरच्या एका कुणग्याला सगळे 'शिपायाचा कुणगा' म्हणतात. कुठल्या शिपायाचा ते माहीत नाही. मी पण तोच असेल असं म्हणणार नाही, पुरावा नाही.

लावणीवाला

वर काळनदीकाठच्याने जुलैचं लिहिलंय ते वाचून हे लिहायला घेतलं. आमच्या वाडीतला मुलगा कारगिलला गेला. दरवर्षी २६ जुलैला विजय दिवस, शाळेत कार्यक्रम, पाहुणे येतात, वीरपित्याचा सत्कार. आता २६ जुलै म्हणजे कोकणात काय असतं? लावणीचे शेवटचे दिवस, आवण पिवळं पडायला लागलेलं, मजूर मिळत नाहीत, पावसाने एक दिवस उघडीप दिली की माणूस शेत सोडत नाही. आणि नेमकं त्याच दिवशी त्या मुलाच्या बाबांना चिखलातून बोलवून न्यायचे, हातपाय धुवून, पांढरा शर्ट घालून स्टेजवर तीन तास. पाहुणे नेहमी उशिरा. शाल तीच ती. घरात शालींचा गठ्ठा झालाय, त्यातल्या दोन त्यांनी वासराच्या अंगावर घातल्या थंडीत, त्यावरून पण कुणीतरी कुजबुजलं.

काही वर्षं त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा माईक हातात दिला, चार शब्द बोला म्हणाले, तर हे म्हणाले, "माजा पोर लावणीला माज्या पुढं असायचा, दोन वळी पुढं. आता मी एकटाच हाय. सव्वीस जुलैला माजी लावणी असते. भाषनां दोनच ठेवा." आणि खाली बसले. आधी सगळे गप्प, मग मागून गावातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षीपासून हेडमास्तरांनी कार्यक्रम सकाळी साडेसातला केला, अर्ध्या तासात संपतो, आणि वरच्या वर्गातली पोरं तिथून बाबांच्या शेतावर जातात लावायला. ओळी वाकड्यातिकड्या येतात, बाबा शिव्या घालतात, पोरांना ते फार आवडतं. मोठे पाहुणे एवढ्या सकाळी येत नाहीत त्यामुळे सगळ्यांचीच सोय झाली.

खळ्यावरचा

सगळे लिहिताय ते वाचतोय. लावणीवाला, हेडमास्तरांना माझा नमस्कार सांगा. जुनी कागदं, आमच्या गावच्या शाळेतही तशी पाटी आहे, पण त्यावर रंग मारलाय, अक्षरं दिसत नाहीत. काय करता येईल?

जुनी कागदं

ऑइल पेंट असेल तर खरवडू नका, पॉलिश पेपर तर अजिबात नको, संगमरवर मऊ असतो, अक्षरंच जातील. चुना असेल तर साध्या पाण्याने आणि नरम ब्रशने हळूहळू निघतो. आधी दुपारी उन्हं तिरकी झाली की बाजूने फोटो काढा, रंगाखालचे आकडे सावलीने बरेचदा वाचता येतात. यादीत शोधताना गावाच्या नावाची दोन-चार स्पेलिंग करून बघा, इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय. जिल्हा 'रत्नागिरी'च टाका, कारण तेव्हा सिंधुदुर्ग नव्हता, आणि रायगडवाल्यांनी 'कुलाबा'. आकडा वाचता आला तर इथंच टाका, आपण मिळून शोधू.